तपकिरी शैवालातील फ्यूकॉइडनचे ‘संपूर्ण रचनाविश्लेषण’: एका सेवेचे परीक्षण

कोकण किनाऱ्यावरील खडकांवर पावसाळ्यानंतर वाढणाऱ्या सरगॅसम या तपकिरी शैवालातून काढलेल्या फ्यूकॉइडन या सल्फेटयुक्त बहुशर्करेची (अनेक शर्करा जोडून बनलेल्या साखळीची) रासायनिक रचना आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडून तपासून घेतली. ही प्रयोगशाळा आपल्या दरपत्रकात बहुशर्करांच्या ‘संपूर्ण रचनाविश्लेषणा’चे एक पॅकेज देते. त्यात एकशर्करांचे प्रमाण, सल्फेटचे प्रमाण, रेणुभार, एफटीआयआर (अवरक्त किरणांचा वर्णपट), मिथिलीकरणावरून शर्करांमधील बंधांची ओळख आणि एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा वर्णपट) या चाचण्या येतात. पदव्युत्तर विद्यार्थी, किनारपट्टीवरील महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि शैवालापासून उत्पादने काढू पाहणारे लघुउद्योजक अशा सेवांविषयी वारंवार विचारणा करतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे प्रयोगशाळेचे नाव दिलेले नाही. याच धर्तीची सेवा देणाऱ्या इतर ठिकाणांनाही यांतील बहुतेक मुद्दे लागू पडतील.

मत आधीच सांगून टाकतो. एकशर्करांचे विश्लेषण उत्तम आहे. बंधांचे विश्लेषण चांगले आहे, पण ते पूर्ण स्वरूपात पाठपुरावा करून मागून घ्यावे लागते. अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘रचना’ म्हणून जी सुबक आकृती छापून येते, तिच्यावर मात्र कोणी विसंबू नये.

ही सेवा कशी पारखावी हे कळण्यासाठी फ्यूकॉइडनचे प्रकरण मुळात इतके किचकट का आहे, हे पाहावे लागते. तपकिरी शैवालांत प्रामुख्याने तीन विद्राव्य बहुशर्करा आढळतात. त्यांपैकी अल्जिनेट ही मॅन्युरॉनिक आणि ग्युल्युरॉनिक या दोनच आम्लांची, १→४ बंधांनी (एकीचा पहिला कार्बन दुसरीच्या चौथ्या कार्बनशी) जोडलेली, शाखा नसलेली साखळी आहे. त्या दोन आम्लांचे प्रमाण आणि क्रम एनएमआरने कसा मोजायचा, याची प्रमाणित पद्धत उपलब्ध असल्यामुळे अल्जिनेटचा अहवाल कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेतून आणला तरी तो साधारण सारखाच येतो. लॅमिनॅरिन हे ग्लुकोजचे, १→३ बंधांचे आणि अधूनमधून १→६ शाखा असलेले तुलनेने लहान बहुवारिक आहे. तिथेही फारशी डोकेफोड होत नाही. फ्यूकॉइडनची गोष्ट निराळी आहे. त्यात फ्यूकोज ही मुख्य शर्करा आणि तिच्यावर सल्फेट गट, एवढेच खात्रीने सांगता येते. बंध कोणते, सल्फेट कोणत्या कार्बनवर, शाखा किती आणि सोबत गॅलॅक्टोज, झायलोज, मॅनोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल आहे की नाही, हे सारे शैवालाच्या जातीवर, गोळा करण्याच्या हंगामावर आणि काढण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते.

या पदार्थाचा इतिहासही सावध करणारा आहे. स्वीडनमधील उप्साला येथे हाराल्ड क्युलिन यांनी १९१३ मध्ये तो प्रथम वेगळा केला. १९५० मध्ये कॉन्ची आणि पर्सिव्हल यांनी फ्यूकस व्हेसिक्युलोसस या जातीसाठी मुख्यतः १→२ बंध आणि चौथ्या कार्बनवर सल्फेट अशी रचना मांडली, आणि ती जवळजवळ चार दशके पाठ्यपुस्तकांत राहिली. १९९३ मध्ये पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जातीच्या फ्यूकॉइडनचे मिथिलीकरण करून जीसी-एमएसने (घटक वेगळे करून त्यांच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने) तपासले, तेव्हा मुख्य साखळीतील बंध १→३ असल्याचे दिसून आले. पुढे अ‍ॅस्कोफिलम नोडोसममध्ये १→३ आणि १→४ बंध आलटून पालटून येणारी साखळी सापडली. ज्या पदार्थाच्या मुख्य बंधाविषयी जाणकारांचेही मत चाळीस वर्षांनी बदलते, त्याची ‘संपूर्ण रचना’ पॅकेजमध्ये देऊ करणाऱ्याला चार प्रश्न अधिक विचारले पाहिजेत.

नमुना आम्हीच तयार करून पाठवला होता. वाळवून दळलेले शैवाल आधी ८५ टक्के इथेनॉलने धुऊन रंगद्रव्ये आणि फिनॉलवर्गीय पदार्थ काढले, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बहुशर्करा उतरवली, कॅल्शियम क्लोराइड घालून अल्जिनेटचा साका बसवला आणि वरच्या द्रावणातून इथेनॉलने फ्यूकॉइडन खाली आणले. डायलिसिसनंतर आयन-विनिमय स्तंभावरून मिठाच्या वाढत्या तीव्रतेने त्याचे अंश पाडले आणि सर्वाधिक सल्फेट असलेला अंश गोठवून सुकवून कुपीत भरला. हे इथे सांगण्याचे कारण असे की, प्रयोगशाळेच्या नमुना-अर्जात ही माहिती भरायला जागाच नव्हती. तिथे नमुन्याचे नाव, वजन आणि ‘विषारी आहे काय’ एवढेच रकाने होते. फ्यूकॉइडन आम्लात उतरवले की गरम पाण्यात, त्यावर अल्कलीची प्रक्रिया झाली आहे काय, ते कोणत्या क्षाराच्या रूपात आहे, हे ठाऊक नसताना पुढच्या निम्म्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

एकशर्करांच्या विश्लेषणापासून सुरुवात करतो, कारण तिथे प्रयोगशाळेचा हात खरोखर बसलेला आहे. जलापघटनासाठी त्यांनी ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल वापरले आणि एकाच वेळेवर न थांबता कमी आणि जास्त अशा वेगवेगळ्या कालावधींचे निकाल दिले. हे महत्त्वाचे आहे. फ्यूकोजचे बंध लवकर तुटतात आणि सुटे झालेले फ्यूकोज तीव्र आम्लात फार काळ ठेवले तर नष्ट होऊ लागते; उलट ग्लुक्युरॉनिक आम्लाचा मॅनोजशी असलेला बंध फारच चिवट असतो आणि थोड्या वेळात तुटतच नाही. एकच वेळ धरली तर यांपैकी एक शर्करा कमी मोजली जाणार, हे ठरलेलेच. अहवालात फ्यूकोज सर्वाधिक, त्याखालोखाल गॅलॅक्टोज आणि मग झायलोज, मॅनोज व ग्लुक्युरॉनिक आम्ल असे चित्र आले, जे सरगॅसमच्या बाबतीत अपेक्षितच होते. थोडे ग्लुकोजही दिसले. त्यावर तज्ज्ञांनी हाताने शेरा लिहिला होता की हे लॅमिनॅरिनचे अवशेष असावेत, फ्यूकॉइडनच्या रचनेत धरू नयेत. अशा शेऱ्यांसाठीच माणूस पैसे मोजतो.

सल्फेटच्या मोजणीत मात्र एक ढिसाळपणा आढळला. बेरियम क्लोराइड आणि जिलेटिन वापरून गढूळपणा मोजण्याची पद्धत जुनी आणि विश्वासार्ह आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण अहवालात नुसते ‘सल्फेट, टक्के’ असे लिहून आकडा दिला होता आणि तो कोणत्या रूपात मांडला आहे, हे सांगितलेले नव्हते. उदाहरण म्हणून गंधक ८ टक्के असलेला नमुना घेऊ. त्याचे सल्फेट एसओ३ म्हणून मांडले तर २० टक्के, एसओ४ म्हणून २४ टक्के आणि सोडियम क्षारातील एसओ३एनए गट म्हणून सुमारे २५.७ टक्के भरते. नमुना तोच आणि मोजणीही तीच असताना आकडे असे तीन येतात. दोन प्रयोगशाळांचे किंवा दोन शोधनिबंधांचे आकडे शेजारी ठेवून ‘आमच्या शैवालात सल्फेट जास्त’ असे म्हणणारे पुष्कळ जण नकळत या फरकालाच गुण समजतात. विचारल्यावर खुलासा तत्परतेने मिळाला, पण तो विचारावा लागला.

रेणुभाराचा तक्ता पाहून घ्यावा आणि पुढे जावे. आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभावर डेक्स्ट्रान या विद्युतभार नसलेल्या बहुशर्करेच्या तुलनेत तो काढलेला होता. सल्फेटमुळे ऋणभारित असलेली साखळी परस्पर प्रतिकर्षणाने फुगून बसते, त्यामुळे असा रेणुभार वास्तवापेक्षा जास्त दिसतो. वाहक द्रावणात मीठ घालून त्यांनी हा परिणाम कमी केला होता, ही जमेची बाजू. निरपेक्ष रेणुभार हवा असेल तर प्रकाश-प्रकीर्णन शोधक लागतो आणि तो या पॅकेजमध्ये नाही.

एफटीआयआरबद्दल स्पष्टच लिहितो. १२४० सेंमी⁻¹ च्या आसपासचा सल्फेटचा पट्टा आणि ८४५ च्या आसपासचा, चौथ्या कार्बनवरील अक्षीय सल्फेटशी जोडला जाणारा पट्टा दाखवून अहवालाने ‘फ्यूकॉइडनची पुष्टी झाली’ असे ठळक अक्षरांत छापले होते. सल्फेट असलेल्या कितीतरी बहुशर्करा हा १२४० चा पट्टा दाखवतात. लाल शैवालातील कॅरॅजीनन तर ८४५ चा पट्टाही दाखवते. एवढ्या पुराव्यावर पुष्टी हा शब्द वापरणे योग्य नव्हे. गंमत अशी की या चाचणीचा खरा उपयोग पुढे एका ठिकाणी करता आला असता, आणि तिथेच ती केली गेली नाही.

ते ठिकाण म्हणजे मिथिलीकरण. संपूर्ण पॅकेजचा जीव याच चाचणीत आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. या पद्धतीत बहुशर्करेवरील प्रत्येक मोकळ्या हायड्रॉक्सिलवर मिथिल गट बसवतात, नंतर साखळी तोडतात, सुट्या शर्करांचे क्षपण करतात आणि नव्याने मोकळ्या झालेल्या जागांवर अ‍ॅसिटिल गट लावून मिश्रण जीसी-एमएसमध्ये सोडतात. मूळ रेणूत जिथे बंध होता तिथे अ‍ॅसिटिल आणि जिथे काहीच नव्हते तिथे मिथिल, असा हिशेब असतो. अडचण अशी की जिथे सल्फेट होता तिथेही अ‍ॅसिटिलच दिसतो. तिसऱ्या कार्बनवर बंध आणि चौथ्यावर सल्फेट असलेले फ्यूकोज आणि तिसऱ्या व चौथ्या अशा दोन्ही कार्बनांवर शाखा असलेले फ्यूकोज, ही दोन्ही शेवटी २-मिथिल फ्यूसिटॉल (फ्यूसिटॉल म्हणजे क्षपण झालेले फ्यूकोज) म्हणूनच बाहेर पडतात. म्हणून नमुन्याचा एक भाग आधी सल्फेटमुक्त करून त्याचे वेगळे मिथिलीकरण करायचे आणि दोन्ही निकाल ताडून पाहायचे, हाच रास्त मार्ग आहे. सल्फेट काढल्यावर जर २-मिथिल कमी होऊन २,४-डायमिथिल वाढले, तर चौथ्या कार्बनवर सल्फेट होता. न वाढले, तर तिथे शाखा होती.

प्रयोगशाळेने पहिल्या अहवालात फक्त मूळ नमुन्याचे मिथिलीकरण दिले होते, आणि त्यावरून ‘अतिशय शाखायुक्त’ असा निष्कर्ष काढला होता. हा निष्कर्ष त्या माहितीवरून निघूच शकत नाही. आम्ही तसे लिहून कळवल्यावर त्यांच्या तज्ज्ञांनी वाद न घालता सल्फेटमुक्त नमुन्याचे काम करायचे मान्य केले. पण ते पॅकेजमध्ये धरायचे की वेगळे शुल्क लावायचे, यावर पत्रव्यवहार बराच लांबला. माझ्या मते सल्फेटयुक्त बहुशर्करेच्या बाबतीत हे काम ऐच्छिक समजताच येत नाही. दरपत्रकात ते मूळ चाचणीचाच भाग असले पाहिजे.

प्रत्यक्ष काम मात्र वाखाणण्यासारखे होते. सोडियम क्षाराच्या रूपातील फ्यूकॉइडन डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये नीट विरघळत नाही आणि न विरघळलेल्या भागाचे मिथिलीकरण अर्धवट राहते. अशी राहून गेलेली जागा अहवालात बंध किंवा सल्फेट म्हणून मोजली जाते, म्हणजे नसलेल्या शाखा कागदावर उगवतात. त्यांनी काम सुरू करण्यापूर्वी दूरध्वनी करून क्षाराविषयी विचारले आणि नमुना ट्रायइथिलअमोनियम रूपात आणून मगच पुढे गेले. अर्जात नसलेला प्रश्न कामावरच्या माणसाने विचारला, याची नोंद केली पाहिजे. क्षपणासाठी त्यांनी ड्यूटेरियमयुक्त बोरोहायड्राइड वापरले, हेही योग्यच. फ्यूकोजच्या सहाव्या कार्बनवर ऑक्सिजन नसल्याने त्याची दोन टोके एरवीही वेगळी ओळखू येतात, पण झायलोजच्या बाबतीत दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवरील बंध ड्यूटेरियमच्या खुणेशिवाय एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

वर्णपटाच्या मूळ फाइली मागितल्यावर मिळाल्या आणि त्या आम्ही स्वतः तपासल्या. १→३ बंध असलेल्या फ्यूकोजचे २,४-डायमिथिल साधित ११८, १३१ आणि २३४ या वस्तुमानांचे तुकडे देते, तर १→४ बंध असलेल्याचे २,३-डायमिथिल साधित ११८, १६२ आणि २०३. सल्फेटमुक्त नमुन्यात १३१ आणि २३४ ची जोडी ठळकपणे दिसत होती आणि तिच्या शेजारी १६२ आणि २०३ चीही लहान, पण निःसंशय नोंद होती. अहवालाच्या तक्त्यात हे दोन्ही बरोबर आले होते. मात्र सल्फेट काढल्यानंतरही काही २-मिथिल शिल्लक होते. ती खरी शाखा की सल्फेट पुरते न निघाल्याचा परिणाम, हे ठरवायला सल्फेटमुक्त नमुन्याचा साधा एफटीआयआर पुरेसा होता. १२४० चा पट्टा गेला की राहिला, एवढेच पाहायचे होते. ज्या चाचणीवर अहवालाने पानभर ‘पुष्टी’ केली, ती इथे वापरण्याचे कोणालाही सुचले नाही.

एनएमआरच्या भागात एक चूक अशी आहे, जी नवख्या वाचकाच्या लक्षात येणार नाही. प्रोटॉन वर्णपटात १.१७ पीपीएमवर एक उंच, टोकदार, तीन फाट्यांची खूण होती आणि तिला ‘फ्यूकोजचा मिथिल गट’ असे नाव दिले होते. बहुवारिकाच्या खुणा रुंद आणि बोथट असतात. फ्यूकोजच्या मिथिलच्या खऱ्या खुणा तिथून जवळच, १.२ ते १.४ च्या दरम्यान, पसरलेल्या टेकाडासारख्या दिसत होत्या. टोकदार त्रिशूळ हा नमुन्यात उरलेल्या इथेनॉलचा होता आणि त्याची जोडीदार खूण ३.६५ वर शर्करांच्या गर्दीत डोकावत होती. इथेनॉल उरले ही बाब आमच्याकडची, पण ते ओळखणे हे विश्लेषकाचे काम. याच वर्णपटावरून काढलेले फ्यूकोजचे प्रमाण त्यामुळे फुगले होते आणि एकशर्करांच्या तक्त्याशी जुळत नव्हते. एकाच अहवालातील दोन पाने परस्परांना खोटे पाडत असताना त्यावर सही करणाऱ्याने ती एकत्र वाचली नसावीत, असे वाटते. कार्बन आणि त्याला जोडलेला प्रोटॉन यांची सांगड दाखवणारा द्विमितीय एचएसक्यूसी वर्णपट मात्र तापमान वाढवून घेतलेला, स्वच्छ आणि उपयोगी होता. तापमान वाढवल्यामुळे पाण्याची खूण बाजूला सरकून अ‍ॅनोमेरिक भाग, म्हणजे शर्करांच्या पहिल्या कार्बनच्या खुणांचा भाग, मोकळा झाला होता आणि पाच पीपीएमच्या पलीकडे अल्फा-फ्यूकोजच्या एकाहून अधिक खुणा मोजता येत होत्या. इतक्या वेगवेगळ्या खुणा दिसणे म्हणजेच साखळीत एकसारखा पुनरावर्ती घटक नाही, हे उघड होते.

असे असूनही शेवटच्या पानावर एकसारख्या पुनरावर्ती घटकाची रंगीत आकृती होती. ती फ्यूकस व्हेसिक्युलोससची, १→३ बंधांची, चौथ्या कार्बनवर सल्फेट असलेली सर्वपरिचित रचना होती. आमच्या नमुन्यातील गॅलॅक्टोज, झायलोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्ल यांचा तिच्यात मागमूस नव्हता. युरोपच्या थंड समुद्रातील शैवालाची रचना कोकणच्या सरगॅसमला चिकटवणे म्हणजे शेजाऱ्याचा सातबारा आपल्या जमिनीच्या कागदपत्रांना जोडण्यासारखे आहे. एखाद्या विद्यार्थ्याने ती आकृती प्रबंधात जशीच्या तशी छापली असती तर बाह्य परीक्षकासमोर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. आणि एखाद्या उद्योजकाने ती उत्पादनाच्या माहितीपत्रकावर घेतली असती तर ते त्याहून वाईट.

खर्चाचा विचार केल्यास, सुट्या चाचण्या घेण्यापेक्षा पॅकेज स्वस्त पडते, पण त्यातील एफटीआयआर आणि रेणुभार यांचे काम अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत होऊ शकते. एनएमआर आणि जीसी-एमएसची नुसती यंत्रवेळ हवी असेल तर आयआयटी मुंबई येथील ‘सैफ’सारखी सार्वजनिक सुविधा आहे, मात्र तिथे वर्णपट मिळतो, तो वाचण्याचे काम आपले. शैवाल-बहुशर्करांचा दीर्घ अनुभव असलेली भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था हा सहकार्याचा पर्याय आहे, परंतु ती संशोधनसंस्था आहे, पैसे भरले आणि अहवाल घेतला अशा व्यवहाराची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये. ज्याच्याकडे मिथिलीकरणाची सोय आणि सराव नाही, अशा गटाने खासगी प्रयोगशाळेकडून एकशर्करा आणि मिथिलीकरण एवढेच घ्यावे, असा माझा सल्ला राहील. अल्जिनेट तपासायचे असेल तर या पॅकेजची गरजच नाही. प्रमाणित एनएमआर चाचणी सुटी घ्यावी.

काम देताना पत्रातच काही गोष्टी लिहून घ्याव्यात: सल्फेट काढण्यापूर्वीचे आणि नंतरचे असे दोन्ही मिथिलीकरण, सल्फेट निघाल्याचा पुरावा, सल्फेटचा आकडा कोणत्या रूपात आहे याचा उल्लेख, सर्व वर्णपटांच्या मूळ फाइली, आणि नमुन्याच्या माहितीवर आधारलेली नसेल अशी कोणतीही आकृती अहवालात न घालण्याची अट. ग्लुक्युरॉनिक आम्लाचे बंध हवे असतील तर त्याचे आधी क्षपण करावे लागते, नाहीतर मिथिलीकरणात ते दिसतच नाही. या कामाचे शुल्क वेगळे आहे आणि ते पॅकेजच्या दरात धरलेले नाही. सुधारित अहवाल आम्हाला मिळाला आहे. त्यात इथेनॉलची खूण दुरुस्त केली आहे, ‘अतिशय शाखायुक्त’ हा शेरा काढला आहे आणि शेवटचे पान कोरे सोडले आहे. दरपत्रकावर मात्र ‘संपूर्ण रचनाविश्लेषण’ हे शब्द अजून तसेच आहेत.